ओरिजिनल म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ओसरीत एक मीटिंग झाली. (आमच्या घरात मीटिंग म्हणजे चहाचे चार राउंड, आणि शेवटी निर्णय पुढच्या दिवाळीवर!) विषय एकच. गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जीपचं काय करायचं?

जीप १९६४ ची. आबाजींनी नवी घेतलेली. महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे ते उंच बॉनेटवालं अमेरिकन विलिस मॉडेल. गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आबाजी गेले, त्यांच्यानंतर मोठेबाबांनी ती चालवली. आता मोठेबाबांचे गुडघे गेलेत आणि क्लच दाबवत नाही. आम्ही चुलतभाऊ पुणे, नागपूर आणि बंगलोरला. तर जीपसाठी तीन गिऱ्हाइकं आली होती.

पहिलं गिऱ्हाईक भंगारवाला. किलोच्या भावानं घेणार. दुसरा एक हौशी मुलगा. त्याला ती लग्नाच्या वरातीसाठी हवी होती. ट्रॅक्टरसारखे रुंद टायर, समोर दहा एलईडी दिवे, मागे डीजेचे डबे. तिसरे गृहस्थ पुण्याकडचे, जुन्या गाड्या 'रिस्टोअर' करून विकणारे. अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी जीपभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडलं आणि एकदम चेहरा पाडला.

"अरेरे! इंजिन बदललंय की हो. ओरिजिनल नाही ही."

मोठेबाबा म्हणाले, "ओरिजिनल नाही म्हंजे? साठ वर्षं झाली, माझ्याच घरी तं हाये!"

मंडळी, त्या एका वाक्यावरून मी गेले कित्येक आठवडे डोकं खाजवतोय. आजचा लेख त्याबद्दलच. जरा भांडखोर आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे जुनी अमेरिकन गाडी म्हटलं की लोकांना महाराजांच्या गॅरेजमधल्या लांबलचक ब्यूक आणि कॅडिलॅक आठवतात. पण महाराष्ट्रात अमेरिकन गाड्या चांगल्या रुजल्या होत्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना टाकला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, डिसोटो, प्लायमाउथ तयार होऊ लागल्या. फियाट नंतर आली. आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजांच्या उरलेल्या जीपा 'डिस्पोजल' मध्ये विकल्या गेल्या. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही कुठल्याही जुन्या जीपला 'डिस्पोजलची' म्हणतात.

गंमत म्हणजे स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच! १९४८ मध्ये लष्करासाठी परदेशातून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा मागवल्या. प्रत्यक्षात आल्या १५५, आणि त्याही वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या. त्यावरून संसदेत किती वर्षं धुरळा उडत राहिला. म्हणजे जुन्या गाडीला रंग मारून 'चांगली आहे' म्हणून खपवायचा धंदा या देशाला नवा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास, १९४९ पासून, महिंद्रानं माझगावला विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनवल्या. सीजे-३बी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचे वंशज पुढे कित्येक वर्षं निघत राहिले. ते उंच बॉनेट का, ठाऊक आहे? त्यात 'हरिकेन' नावाचं २.२ लिटरचं चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन असतं. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि ते मावावं म्हणून कंपनीनं सरळ बॉनेट उंच केलं. म्हणजे शुद्धतावाद्यांनी ज्या तोंडवळ्यासाठी उसासे टाकावेत, तोच मुळात एक जुगाड होता :-)

वऱ्हाडात जीप कशी शिरली हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चपलेसकट पाय गिळते. अकोटहून दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात जुलैमध्ये पांदण रस्त्यानं जाऊन बघा. बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुततात. तिथे चारही चाकांना ताकद देणारी ही अमेरिकन बया उपयोगी पडली. देशमुखांच्या वाड्यात, सहकारी संस्थेत, मेळघाटात जंगलखात्याकडे, निवडणुकीत सगळ्याच पक्षांकडे. नंतर काळी-पिवळी होऊन परतवाड्याच्या आणि अकोटच्या रस्त्यावर माणसं वाहिली. आमच्या जीपनं कापसाच्या गाठोड्यांपासून अडलेल्या बाळंतिणीपर्यंत सगळं वाहिलंय. माझ्या आत्याची पाठवणी तिच्यातच झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल जे भडकलं ते भडकलंच. हरिकेन इंजिन लिटरला सहा-सात किलोमीटर द्यायचं, चिखलात तर विचारूच नका. डिझेल स्वस्त होतं. तेव्हा १९८७ मध्ये मोठेबाबांनी अकोल्याला चाचांच्या गॅरेजवर गाडी नेली. चाचा म्हणजे आमच्या घरचे मिस्त्री. मी त्यांना लहानपणापासून चाचाच म्हणतो. त्यांनी अपघातात गेलेल्या एका जीपचं डिझेल इंजिन मिळवलं. हे इंजिन मूळ प्युजोचं, फ्रेंच, आणि ऐंशीच्या दशकात महिंद्रा ते परवान्यावर बनवत होती.

इंजिन बदलणं म्हणजे जुना माऊस काढून नवा लावणं नव्हे, बरं का. फ्रेंच इंजिन अमेरिकन गिअरबॉक्सला बसतच नाही. बोल्टांची भोकंच जुळत नाहीत. चाचांनी मधली लोखंडी प्लेट लेथवर बनवून घेतली. क्लच शाफ्टचा मध्य केसभर हुकला तर बेअरिंग महिन्यात जातं. इंजिनाचे पाय नवे वेल्ड करावे लागले. वजन वाढलं म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवलं. रेडिएटर मोठा, पंपाकडून टाकीकडे परतीची नळी नवी, हीटरचं वायरिंग नवं. आणि डिझेल कमी फेऱ्यांवर काम करतं, गिअर मात्र पेट्रोलच्या हिशेबाचे. म्हणून आमची जीप आजही साठच्या पुढे गेली की ओरडते, पण दुसऱ्या गिअरमध्ये पोपटखेडच्या चढावर बैलासारखी शांत चढते. एव्हरेज बारा!

आणि महत्त्वाचं म्हणजे हे काम चोरून केलेलं नाही. तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा होता. नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेऊन असा बदल आरसीवर चढवता यायचा. मोठेबाबांनी तो रीतसर चढवला. आरसी बुकात पेट्रोल खोडून डिझेल, नवा इंजिन नंबर, सही, गोल शिक्का. शाई फिकट झालीय पण वाचता येते. मूळ हरिकेन इंजिन काही वर्षं विहिरीवर पाणी ओढत होतं. मग तेही गेलं.

आता आजचा कायदा बघा. १५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्यांदाच. मी तेव्हा अगदी टाळ्या वाजवल्या होत्या. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात 'व्हीए' अशी वेगळी अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंतर ५,००० रुपयांत पुन्हा दहा वर्षं. राज्यात समिती गाडी तपासणार. गाडी रॅली, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरण्यासाठी बाहेर काढता येणार. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. ठीक आहे, हरकत नाही.

पण व्याख्येत एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

संपलं! वऱ्हाडातल्या जीपांपुरता नियम तिथेच संपला. कारण ज्या जीपा आजवर जिवंत राहिल्या त्यातल्या बहुतेक बदलल्या म्हणूनच राहिल्या. ज्या बदलल्या नाहीत त्यांची पेट्रोलच्या बिलानं किंवा पार्टांच्या अभावानं कधीच भंगारात रवानगी झाली. मूळ स्वरूपात गाडी राखणं कुणाला परवडलं? ज्याच्याकडे ती उभी ठेवायला दुसरं गॅरेज होतं आणि फिरायला दुसरी गाडी होती त्याला. म्हणजे नियमाच्या डोळ्यासमोर महाराजांची गाडी आहे, रयतेची नाही.

मग आमची जीप काय ठरते? नुसती 'जुनी गाडी'. तिचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची त्याची फी ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केली गेली. पर्यावरण कर वेगळा. एका बाजूला सांगतात की जुन्या गाड्या मोडीत काढा, दुसऱ्या बाजूला सांगतात की हा वारसा आहे. साठ वर्षांच्या जीपला वारसा म्हणायचं की मोडीत काढायचं, हे ठरणार कशावर? तर १९८७ मध्ये सरकारनंच शिक्का मारलेल्या एका इंजिनावर!

आता ऐका खरा किस्सा. मी चौकशी करत फिरत होतो तेव्हा एका एजंटानं (कुठल्या गावचा ते सोडा) मला बाजूला घेतलं आणि उपाय सांगितला. "भाऊ, डिझेल काढून टाका. जुनं पेट्रोल इंजिन मी मिळवून देतो. नंबरचं टेन्शन घेऊ नका, ब्लॉक घासून जुना नंबर ठोकून देऊ. डिट्टो ओरिजिनल!"

थोडं थांबून विचार करा. जो बदल उघड केला, कागदावर चढवला, ज्यावर अडतीस वर्षं गाडी चालली, तो असेल तर गाडी विंटेज नाही. आणि कालपरवा दुसऱ्याच गाडीचं इंजिन आणून त्यावर खोटा नंबर ठोकला तर गाडी समितीपुढे ताठ मानेनं उभी! खरी दुरुस्ती नापास, खोटं ओरिजिनल पास. मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कुणी गिटची हिस्ट्री पुसून 'हा कोड पहिल्या दिवसापासून असाच होता' असं सांगितलं तर त्याला सत्कार करून बढती देत नाहीत. इथे मात्र नियमाची रचनाच अशी झालीय की हिस्ट्री पुसणारा फायद्यात राहतो. १९४८ च्या जीपांची आठवण झाली ना?

पुण्याचे ते सभ्य गृहस्थ असं काही करणारे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. पण त्यांच्या डोक्यातलं 'ओरिजिनल' आणि नियमातलं 'ओरिजिनल' एकच आहे, आणि माझं भांडण त्या कल्पनेशी आहे. तिच्यात गाडीचा इतिहास कारखान्याच्या फाटकाशी संपतो. पुढची साठ वर्षं म्हणजे नुसती झीज आणि मळ, तो पुसून टाकायचा. मग चाचांची लेथवरची प्लेट हा मळ. आबाजींनी लोहाराकडून ठोकून घेतलेला मागचा हुक हा मळ. आत्याच्या लग्नात वरातीला दोन माणसं जास्त बसावीत म्हणून वाढवलेला फळीचा बाक हाही मळच.

मला सांगा, आजीच्या गोधडीला कुणी विचारतं का, यातलं ओरिजिनल लुगडं कोणतं?

आणखी जवळचं उदाहरण देतो. आपली शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढलं आणि डिझेल इंजिन लागलं. मग काय झालं? गाडीचं नाव बदललं? मूर्तिजापूरच्या स्टेशनावर कुणी म्हणालं का की ही ओरिजिनल नाही, मी बसणार नाही? आज ती बंद पडलीय तर अचलपूरपासून यवतमाळपर्यंत लोक तिच्यासाठी हळहळतात, आणि हळहळणाऱ्यांतल्या निम्म्यांनी फक्त डिझेलचीच शकुंतला पाहिलेली आहे. इंजिन बदललं म्हणून शकुंतला शकुंतलाच राहते, आणि जीप मात्र राहत नाही?

"मग काय कुणीही काहीही बदल करावेत का?" हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि विचारायलाच हवा. कारण या आक्षेपात दम आहे. ताकदवान इंजिन टाकून ब्रेक जुनेच ठेवले तर माणसं मरतात. या जीपेला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि तेलाचं एकच सर्किट. एक नळी फुटली की पेडल सरळ फळीला टेकतं. मी अनुभवलंय, चिखलदऱ्याच्या उतारावर, आणि त्यानंतर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. वेल्डिंग कसंही केलेल्या चेसिस, कापलेले बंपर, पाचशे मीटरवरून डोळे दिपवणारे दिवे. हे सगळं मीही रस्त्यावर बघतो. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली ऑर्डरप्रमाणे जीपा बनवून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि अशा जीपांच्या नावानं काही ठिकाणी जुन्या कागदांवर अख्ख्या नव्या जीपा विकल्या जातात. त्याला मी रिस्टोरेशन म्हणत नाही, हौसही म्हणत नाही. ती फसवणूक आहे.

पण यावर आपला कायदा काय करतो? सगळ्यांना एकाच काठीनं हाणतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, २००० मध्ये दुरुस्त झालेलं, म्हणतं की निर्मात्यानं मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी दंड वाढला. परवानगी नसलेले भाग बसवून बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या किटला, किंवा अपंगांसाठीच्या बदलांना वाट ठेवलीय. ती उत्तम आहे. मात्र जुन्या गाडीत सुरक्षिततेसाठी चांगले ब्रेक बसवायचे असतील तर कुणाकडे जायचं? मला आमच्या जीपला पुढे डिस्क ब्रेक लावायचेत. हे चालतं का, असं मी पाच जणांना विचारलं. पाच उत्तरं मिळाली, लेखी एकही नाही. एक जण म्हणाला, "लावून टाका ना, कोण पाहते!"

'कोण पाहते' हेच आपलं धोरण आहे. बंदी घातली की बदल थांबत नाहीत. ते फक्त रात्री, बंद शटरमागे होतात, आणि तिथे कुणी तपासत नाही.

आता तुलना. मी प्रोजेक्टसाठी दोन वर्षं मेलबर्नला होतो. शेजारी एक निवृत्त प्लंबर. त्याच्याकडे साठच्या दशकातली फोर्ड मस्टँग. अमेरिकेतून आणलेली, मूळ डाव्या स्टिअरिंगची, त्यानं उजवीकडे करून घेतलेली. पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क. सीटबेल्ट नवे. माझ्यातला सरळमार्गी भारतीय लगेच म्हणाला, "हे कायदेशीर आहे?" त्यानं घरात जाऊन एक फाइल आणली. त्यात प्रत्येक मोठ्या बदलाचं प्रमाणपत्र होतं.

तिकडे व्हिक्टोरिया राज्यात सरकारनं मान्यता दिलेले अभियंते असतात. ते गाडी तपासतात, बदल राष्ट्रीय नियमावलीत बसतो का बघतात आणि स्वतःच्या सहीनं प्रमाणपत्र देतात. त्या नियमावलीत कोणत्या वजनाच्या गाडीत केवढं इंजिन चालेल, मग ब्रेक आणि चेसिसचं काय करावं लागेल, हे सगळं लिहिलेलं आहे. आणि २५ वर्षांवरच्या गाडीसाठी 'क्लब परमिट'. मान्यताप्राप्त क्लबचं सदस्य व्हायचं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांची एक वही घ्यायची. गाडी बाहेर काढण्याआधी त्या दिवसाची नोंद करायची. वहीतले दिवस संपले की गाडी शेडमध्ये. हा प्लंबर दर रविवारी नाकावर चष्मा ठेवून, आमच्याकडचा दिवाणजी खातेवही लिहितो तशी ती वही भरायचा.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. आरडाओरडा करत टायर जाळणारी पोरं तिथेही भरपूर आहेत आणि पोलीस त्यांच्या गाड्या जप्त करतात. पण प्लंबरची मस्टँग आणि टायर जाळणारं पोर यांत फरक करायची सोय त्या व्यवस्थेत आहे. आपल्याकडे वरातीची दहा दिव्यांची जीप, खोट्या कागदांची जीप आणि माझ्या मोठेबाबांची जीप, तिन्ही एकाच रांगेत.

मग मागणी काय? फक्त तीन गोष्टी.

एक. विंटेजच्या व्याख्येतून 'बदल झालेला नसावा' काढून 'बदल नोंदलेला असावा' असं करा. जो बदल पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे आणि आरसीवर सरकारी शिक्क्यानिशी आहे, तो त्या गाडीच्या इतिहासाचा भाग माना.

दोन. नव्या बदलांसाठी तपासणीची वाट उघडा. आमच्याकडे माणसं नाहीत असं सांगू नका. अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ चं आहे, आमच्या जीपच्याच वयाचं. तिथल्या मेकॅनिकलवाल्यांनी ब्रेक, वजन, वेल्डिंग तपासून सही करावी. सही करणाऱ्यावर जबाबदारी टाका. आणि त्यांच्या शेजारी एक खुर्ची चाचांसारख्या मिस्त्रीला द्या, कारण कोणती प्लेट कुठे तडकते हे पुस्तकाआधी त्याला कळतं.

तीन. दिवस मोजून द्या. वर्षाला ४५ द्या. धुराचा आक्षेप खरा आहे, जुनं डिझेल काळा धूर सोडतंच. पण रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी आणि पोळ्याला, दिवाळीला, एखाद्या लग्नाला शेडबाहेर येणारी गाडी यांना एकच माप लावू नका.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या पगारदार हौशी मंडळींबद्दल. दोष फक्त सरकारचा नाही. गावची जीप पुण्याला आणायची, तिला लष्करी हिरवा रंग द्यायचा, बॉनेटवर अमेरिकन पांढरा तारा काढायचा, आणि फोटोखाली 'आजोबांची जीप' लिहायचं. अहो, आजोबांच्या जीपवर तो तारा कधी होता? आमच्या जीपवर तर दारालगत पिवळ्या रंगात संत्र्याच्या बागेचं नाव होतं! आपल्याला आजोबा नको असतात, पिक्चरमधला अमेरिकन सैनिक हवा असतो. मीही यात होतो. मोबाइलमध्ये त्या ताऱ्याचं स्टेन्सिल तीन वर्षं सेव्ह करून ठेवलं होतं. परवा डिलीट केलं.

दिवाळीनंतर मी चाचांना भेटायला अकोल्याला गेलो. आता ते गॅरेजवर नुसते बसतात, काम मुलगा बघतो. मी त्यांना सगळं सांगितलं. विंटेज, ओरिजिनल, समिती, नंबर ठोकणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थे प्लेट तडकली काय रे?"

"नाही चाचा."

"सदतीस-अडतीस वर्षं झाले ना?"

"हो."

"मंग थ्याहून ओरिजिनल काय पायजे तुले?"

तर निर्णय असा झाला. तिन्ही गिऱ्हाइकांना नाही सांगितलं. फी भरून पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं, डिझेलसकट, फळीच्या बाकासकट. खर्च तिघा चुलतभावांत वाटून. मोठेबाबा क्लच दाबू शकत नाहीत, म्हणून ते शेजारी बसून शिव्या देणार आणि मी चालवणार. पाच वर्षांनी पुन्हा त्याच खिडकीवर उभं राहायचंय. तोवर नियमातली ती एक ओळ बदलावी यासाठी मी परिवहन मंत्रालयाला पत्र लिहितोय. सोबत त्या फिकट शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स जोडणार आहे. तुमच्याही गोठ्याशेजारी अशी एखादी उभी असेल, तर तिचं आरसी बुक आधी शोधून ठेवा. उंदरांनी खायच्या आत.

असो. लेख फारच लांबला. रविवार संपला, उद्या स्टँडअप :-(